जंगलातल्या दगडी भिंती, व्हरमाँटची मेंढरं आणि आजीचं घोंगडं

पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगते. पंधरा एप्रिल उलटून गेलाय, डोकं जरा रिकामं झालंय, आणि गेले सहा महिने मनात साठलेलं एकदाचं लिहून काढतेय. चहा घेऊन बसा.

सुरुवात झाली गेल्या ऑक्टोबरात. आपण सगळेच जातो तसे आम्हीही फोलिएज बघायला व्हरमाँटला गेलो होतो. डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, मागच्या सीटवर "वायफाय कधी येणार" विचारणारा मुलगा. एका पायवाटेवर, अगदी दाट झाडीत, गुडघ्याएवढी दगडी भिंत लागली. पुढे आणखी एक. मग काटकोनात तिसरी. तेरा वर्षांची लेक थांबली आणि म्हणाली, "आई, जंगलात कुंपण कोण घालतं? आत काय ठेवायचंय, झाडं?"

मी नेहमीप्रमाणे ठोकून दिलं, "असतील जुनी शेतं." उत्तर अर्धंच बरोबर होतं. त्या भिंतींच्या आत बऱ्याच ठिकाणी मेंढ्या होत्या. आणि तिथे जंगल नव्हतंच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर व्हरमाँटची बहुतेक जमीन झाडं तोडून उघडी केलेली होती. आज आपण ज्या रंगीत डोंगरांचे फोटो टाकतो, ते डोंगर तेव्हा कुरणं होते, आपल्या माणदेशासारखे उघडेबोडके.

१८४० च्या जनगणनेत व्हरमाँटमध्ये माणसं होती सुमारे २ लाख ९२ हजार आणि मेंढ्या सुमारे १६ लाख ८० हजार. भागाकार मी सवयीने केलाच. माणशी पावणेसहा मेंढ्या! आता एवढ्या मेंढ्या एका थंड, खडकाळ, लहानशा राज्यात आल्या कुठून? आकडा असा फुगलेला दिसला की माझ्या धंद्यातल्या माणसाला दोनच शंका येतात. एकतर कुणीतरी चुकीची नोंद केलीय, नाहीतर सरकारने कुठेतरी सवलत दिलीय. इथे दुसरं होतं.

गोष्ट स्पेनपासून सुरू होते. अत्यंत तलम लोकरीची मेरिनो मेंढी ही स्पेनची मक्तेदारी. शेकडो वर्षं ती राजाच्या परवानगीशिवाय देशाबाहेर न्यायला बंदी होती. १८०८ मध्ये नेपोलियनचं सैन्य स्पेनमध्ये घुसलं, मोठमोठ्या सरदारांचे आणि मठांचे कळप जप्त झाले, विकले गेले, आणि बंदी कागदावरच राहिली. शेजारी लिस्बनला विल्यम जार्विस नावाचा अमेरिकेचा कॉन्सल बसला होता. त्याने संधी साधली. दोन-तीन वर्षांत त्याने हजारो मेरिनो जहाजांत भरून अमेरिकेला धाडल्या, आणि १८११ मध्ये स्वतः चारेकशे घेऊन व्हरमाँटमधल्या वेदर्सफील्डला शेती करायला आला. त्याच्या आधी १८०२ मध्ये डेव्हिड हम्फ्रीज याने कनेटिकटला आणि रॉबर्ट लिव्हिंगस्टनने न्यू यॉर्कला थोड्या आणल्या होत्या, पण लाट आली ती जार्विसच्या मालाने.

वेळही अशी जुळून आली की विचारू नका. १८०७ मध्ये जेफरसनने परदेशी व्यापारावर बंदी घातली, मग १८१२ ला इंग्लंडशी युद्ध. म्हणजे इंग्रजी गरम कापड येणं बंद. लोकरीचा भाव चढला, आणि अस्सल मेरिनो मेंढ्याला, म्हणजे एका नराला, हजार-हजार डॉलर मोजले जाऊ लागले. १८१० मधले हजार डॉलर! १८१५ मध्ये युद्ध संपलं, इंग्लंडचं साठलेलं कापड बंदरात उतरलं, आणि तेच नर कवडीमोलाने विकले गेले.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या, पुढे लागणार आहे. हजार डॉलर हे त्या मेंढ्याच्या लोकरीचे नव्हते. लोकर काय, वर्षाला काही पौंड निघायची. पैसे होते पुढच्या गिऱ्हाइकाला त्याची पिल्लं विकता येतील या आशेचे.

मग १८२४ आणि १८२८ मध्ये काँग्रेसने आयात लोकरीवर आणि कापडावर जबरदस्त जकात बसवली. न्यू इंग्लंडच्या नदीकाठी गिरण्या उभ्या राहत होत्या, त्यांना माल हवा होता. व्हरमाँटच्या शेतकऱ्याने गहू सोडला, गाई विकल्या आणि मेंढ्या धरल्या. ज्याला जमलं त्याने शेजाऱ्याचं लहान शेत विकत घेतलं, कारण मेंढीला कुरण लागतं आणि माणसं कमी लागतात. ज्यांनी विकलं ते पश्चिमेला निघून गेले. आपण "अमेरिकन पायोनियर" म्हणून मुलांच्या पुस्तकात वाचतो त्यातले कित्येकजण हे मेंढ्यांनी गावाबाहेर काढलेले लोक होते.

१८४६ ला जकात खाली आली. त्याआधीच ईरी कालव्याने आणि पाठोपाठ रेल्वेने पश्चिमेकडची स्वस्त लोकर दारात आणून ठेवली होती. ओहायोत मेंढीला हिवाळाभर घरात चारा घालायचा खर्च कमी, व्हरमाँटमध्ये तो जीवघेणा. कळपच्या कळप खाटकाकडे गेले. यादवी युद्धात सैनिकांच्या गणवेशासाठी लोकरीला पुन्हा काही वर्षं बरे दिवस आले, आणि मग संपलंच. शेतं ओस पडली, कुरणावर आधी पाइन उगवले, मग मेपल. भिंती तेवढ्या राहिल्या.

पण मधल्या काळात काही हुशार मंडळींनी दुसरा धंदा काढला. लोकर परवडत नाही? मग लोकरवाले नर विका! मिडलबरीच्या एडविन हॅमंडने मेरिनोची अशी पैदास केली की कातडीला सुरकुत्याच सुरकुत्या. हिशोब असा, की जेवढी कातडी जास्त तेवढी लोकर जास्त. हे "व्हरमाँट मेरिनो" पश्चिमेला गेले, १८८० च्या दशकात ऑस्ट्रेलियालाही गेले, भरपूर पैसे घेऊन. ऑस्ट्रेलियाने नंतर कपाळावर हात मारला. त्या सुरकुत्यांत घाम आणि घाण साचते, माशा अंडी घालतात, अळ्या जिवंत मेंढीला खातात. तिकडचे शेतकरी त्याची किंमत पिढ्यानपिढ्या मोजत राहिले. विकणारे मात्र फायदा खिशात घालून मोकळे झाले होते.

आता हे सगळं मी इतक्या आवडीने का वाचत बसले, तर त्याला कारण आहे. आमच्या ओळखीतलं एक जोडपं, दोघंही आयटीत, मराठीच. त्यांनी कुठेतरी व्हिडिओ पाहिला होता, की पाच एकर जागा घ्या, चार अल्पाका ठेवा, "फार्म" दाखवा आणि पगारावरचा टॅक्स वाचवा. मुलांनाही निसर्ग मिळेल. माझ्याकडे आले ते सल्ला विचारायला नाही, फक्त "फॉर्म कुठला भरायचा" विचारायला. मुलीच्या कॉलेजसाठी साठवलेल्या पैशातून डाउन पेमेंट करायचं ठरलेलं होतं.

मी त्यांना अल्पाकाचा इतिहास सांगितला. हा लांब मानेचा, लाडावलेल्या चेहऱ्याचा प्राणी दक्षिण अमेरिकेतून इथे मोठ्या संख्येने आला तो १९८४ च्या सुमारास. नव्वदच्या दशकात आणि नंतर टीव्हीवर जाहिराती, निवृत्तांसाठी सेमिनार, आणि एकेका मादीला दहा-वीस हजार डॉलर, कधी त्याहून कितीतरी जास्त. १९९८ मध्ये नोंदणी करणाऱ्या संस्थेने परदेशातून आलेल्या जनावरांची नोंद बंद केली, म्हणजे पुरवठा मुद्दाम आखडला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या सायटोन आणि सेक्स्टन या दोन अर्थतज्ज्ञांनी २००५ मध्येच निबंध लिहून सांगितलं होतं की लोकरीच्या उत्पन्नातून ही किंमत कधीच निघणार नाही, हा फुगा आहे. २००८ च्या मंदीनंतर तो फुटला. वीस हजाराची जनावरं लोक फुकट न्या म्हणायला लागले. १८१० चे मेरिनो, १८८० चे सुरकुतलेले नर आणि हे, माझ्या लेखी एकाच खात्यात जमा होतात.

त्या जाहिरातींत करसवलत ठळक अक्षरांत असायची, सेक्शन १७९. पैदाशीचं जनावर विकत घेतलं की त्याची किंमत पहिल्याच वर्षी खर्चात टाकता येते. हे खरं आहे. पण त्याच कायद्यात सेक्शन १८३ पण आहे, ते कुठला व्हिडिओवाला सांगत नाही. पाचापैकी तीन वर्षं नफा दाखवला तर धंदा आहे असं धरून चालतात. नाहीतर नफ्याच्या हेतूनेच करताय हे तुम्ही सिद्ध करायचं: वेगळं बँक खातं, वह्या, वेळ, जाणकारांचा सल्ला. हौस ठरली तर उत्पन्नावर कर भरा आणि खर्च मात्र वजा करू नका. आणि साधी गोष्ट, एक डॉलर खर्च करून तीस सेंट टॅक्स वाचला तरी सत्तर सेंट गेलेच ना! जोडप्याने शेत घेतलं नाही. दोन महिने माझ्याशी नीट बोलतही नव्हते. दिवाळी पार्टीला चकली दिली तेव्हा बर्फ वितळला.

सरकारी सवलतीचा आणखी एक नमुना सांगितल्याशिवाय राहवत नाही, तो वाचून मी एकटीच हसले. दुसऱ्या महायुद्धात इथे मेंढ्यांचा आकडा सर्वात वर गेला, १९४२ मध्ये साडेपाच कोटींच्या वर. मग घसरण. गणवेशाला लोकर लागते, ती युद्धाच्या दृष्टीने महत्त्वाची, असं म्हणून १९५४ मध्ये नॅशनल वूल ॲक्ट आला. अनुदान सरसकट नव्हतं, टक्क्यांत होतं. समजा सरकारने ठरवलेला भाव ६० सेंट आणि देशातला सरासरी भाव ४० सेंट, तर फरक झाला पन्नास टक्के. आता ज्याची लोकर ६० सेंटला विकली गेली त्याला वर ३० मिळणार, आणि ज्याची ३० सेंटलाच गेली त्याला १५. ज्याला गरज कमी त्याला मदत दुप्पट! हेतू चांगला होता, की लोकांनी लोकर स्वच्छ ठेवावी, चांगला भाव आणावा. पण टेक्सासच्या अंगोरा शेळ्यांच्या मोहेरलाही हेच लागू होतं, आणि सैन्य कृत्रिम धाग्याकडे वळल्यावरही हे पैसे चालूच राहिले. १९९३ मध्ये कायदा करून ते थांबवायचं ठरलं, १९९५ नंतर बंद झाले. २००२ च्या फार्म बिलात वेगळ्या रूपाने परत आले म्हणा. आज साऱ्या अमेरिकेत मेंढ्या उरल्यात जेमतेम पन्नास लाख.

बरं, आता प्रत्यक्ष कातरणी.

लेक फोर-एच मध्ये आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक काउंटीत विद्यापीठाच्या एक्स्टेन्शनमार्फत चालणारा मुलांचा कार्यक्रम, जनावरं पाळण्यापासून रोबोटिक्सपर्यंत सगळं असतं. खर्च नगण्य. रशियन मॅथ आणि कुमॉनच्या मधून वेळ काढून एकदा चौकशी करा. भिंतींचं वेड लागल्यावर तिने मेंढ्यांचा प्रोजेक्ट घेतला, आणि पंधरा एप्रिलनंतरच्या शनिवारी आम्ही पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहान शेतावर गेलो. मालकीण निवृत्त शिक्षिका, बावीस मेंढ्या.

मेंढ्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलेल्या आणि छपराखाली कोरड्या. पोट भरलेलं असेल तर बसवताना त्रास होतो, आणि ओली लोकर पोत्यात भरली की कुजते. कातरणारा पाठीला पट्टा लावलेला, पन्नाशीचा माणूस. तो मेंढीला बांधत नाही. मान वळवून, तिला चक्क ढुंगणावर बसवतो, पाठ स्वतःच्या गुडघ्यांना टेकवून. अशी बसली की ती लढत नाही, सोफ्यावर बसलेल्या मामांसारखी सुस्त होते. आधी पोट, मग मागचे पाय, मग मान, मग पाठीवरून शेपटीपासून डोक्यापर्यंत लांबच लांब पट्टे. लोकर सुटी होत नाही, अख्खी एक रग निघते. चारेक मिनिटांत आत गुलाबी-पांढरी, लाजल्यासारखी एक बारीक मेंढी उभी.

ही पद्धत न्यूझीलंडच्या बोवेन भावांनी घडवली. गॉडफ्रे बोवेनने १९५३ मध्ये नऊ तासांत ४५६ मेंढ्या कातरून जागतिक विक्रम केला होता. यंत्र त्याच्या आधीचं, ऑस्ट्रेलियात वूल्झ्लीने शोधलेलं. १८८८ मध्ये तिथल्या डनलॉप नावाच्या केंद्रावर पहिल्यांदा अख्खी कातरणी यंत्राने झाली. पण कला अजून हातातच आहे. त्याच जागी दुसऱ्यांदा मशीन फिरवली की आखूड तुकडे पडतात, लोकरीचा भाव जातो. आणि कातडी ताणून धरली नाही तर जखम.

मुलीने विचारलंच, "दुखतं का? आणि नाहीच कातरलं तर?" रानटी मेंढीची लोकर वसंतात आपोआप गळायची, लोक ती उपटून घ्यायचे. माणसाने निवडून निवडून न गळणारी मेंढी तयार केली, आणि मग लोखंडी कातर आली. आता कातरणं हा माणसाचा हक्क कमी आणि कर्तव्य जास्त. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ एक हरवलेला मेरिनो सापडला, अंगावर ४१ किलो लोकर, चालताही येत नव्हतं.

इतर प्राण्यांचं तंत्र निराळं. अल्पाकाला चटईवर आडवं करून पुढचे-मागचे पाय दोरीने ताणून धरतात, वर्षातून एकदा. त्याच्या लोकरीत मेंढीसारखं मेण नसतं, म्हणून हाताला कोरडी लागते. अंगोरा शेळी वर्षातून दोनदा. अंगोरा ससा दर तीनेक महिन्यांनी, मांडीवर घेऊन.

निघताना मालकीणबाईंनी वही दाखवली. (मी मागितली नव्हती. बरं, मागितली होती.) कातरणावळ मेंढीमागे १५ डॉलर, येण्याजाण्याचे ५०, एकूण ३८०. लोकर १५४ पौंड. गेल्या वर्षी आसपासच्या शेतकऱ्यांनी एकत्र विकली तेव्हा पौंडाला ४० सेंट मिळाले होते, म्हणजे ६१ डॉलर ६० सेंट. "तीनशेच्या वर तोटा, दरवर्षी," त्या हसून म्हणाल्या. "पण न कातरून चालत नाही."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. मराठीत, आणि चाळीसएक वर्षांपूर्वीच्या एका अंगणात.

माझं आजोळ माण तालुक्यात. उन्हाळ्यात शेतं मोकळी झाली की धनगरांचा वाडा यायचा. वाडा म्हणजे पुण्यातला नव्हे हं, घोड्यावर संसार बांधून फिरणाऱ्या चार-पाच कुटुंबांचा तळ. आजोबा त्यांना शेतात मेंढरं बसवायला सांगायचे, रात्रीला ठरलेली ज्वारी द्यायचे. लेंड्यांचं आणि मुताचं खत, त्यावर पुढचं पीक. त्यांतली एक म्हातारी मला आठवते. मेंढरू आडवं पाडून, पाय बांधून, दोन पात्यांच्या लोखंडी कातरीने कराकरा लोकर काढायची. मी विचारलं असणार काहीतरी, कारण ती म्हणाली होती, "कातरल्याबिगर मेंढरू सुखी न्हाय, बाय. लोकर इकून काय चहाचं बी पैसं येत न्हाईत."

आपली दख्खनी मेंढी काळी, काटक, केसाळ लोकरीची. वर्षातून दोनदा कातरून मिळते ती अर्धा किलोच्या आसपास; इथल्या मेंढीमागे सरासरी तीन किलोच्या वर. पण तिचं घोंगडं! लोकर पिंजायची, बायकांनी कातायची, ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची, आणि सनगर मंडळींनी मागावर पट्ट्या विणून जोडायच्या. नवीन असताना टोचतं, वास मारतो, पण पावसात डोक्यावरून खोळ घेतली की पाणी आत येत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पिऊनही ओली लागत नाही. त्याच्या पलीकडे भिजली मग मात्र संपलं, वजन उचलवत नाही आणि चार-चार दिवस वाळत नाही. "भिजत घोंगडं" हा शब्द आपण रोज वापरतो तो इथून आला. मी माझ्या एक्स्टेन्शनवाल्या क्लायंटांबद्दल वापरते.

कोल्हापूरजवळच्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा आणि खोबऱ्याबरोबर लोकरही उधळतात. चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवी आणि त्यांचे सासरे मल्हारराव होळकर ह्याच धनगर समाजातले. आमच्या मुलांना "क्वीन अहिल्या" माहीत आहे, शाळेच्या प्रोजेक्टमध्ये महेश्वरचे घाट येतात. मेंढरं येत नाहीत.

लोकर का पडली? पानिपतच्या जुन्या कपड्यांपासून बनवलेल्या स्वस्त ब्लँकेट्सनी आणि कृत्रिम धाग्याने घोंगड्याचं गिऱ्हाईक नेलं. सरकारने तलम लोकरीसाठी विदेशी नर आणून संकर करून पाहिला. राहुरीच्या कृषी विद्यापीठात दख्खनीशी मेरिनो आणि डॉर्सेटचा संकर झाला. पण मैलोन्मैल चालून, कोरड्या चाऱ्यावर जगायचं तर काळी, उंच, चिवट मेंढीच टिकते. मेंढपाळाने आपला हिशोब आपण केला. जत भागातली माडग्याळ मेंढी, अंगावर लोकर नावालाच आणि मांस भरपूर, ती पसरत गेली. गंमत म्हणजे इथेही तेच. मेन राज्यात मायकेल पील नावाच्या माणसाने १९५७ मध्ये सेंट क्रॉय बेटावरून केसाळ मेंढ्या आणून कटाडिन जात घडवली, जिला कातरावंच लागत नाही. लहान शेतांवर आज ती जोरात आहे. जत आणि मेन यांनी एकमेकांना न विचारता एकच उत्तर काढलं.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने वेगळा रस्ता धरला. सुंदरबनातल्या छोट्या गरोळ मेंढीत जुळ्यांचं जनुक असतं, ते दख्खनीत आणून त्यांनी "नारी सुवर्णा" तयार केली. हेच जनुक ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनोत आहे, आणि ते १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून सिडनीला गेलेल्या बंगाली मेंढ्यांतून तिथे पोचलं असं मानलं जातं. म्हणजे आपल्या आधी आपल्या मेंढ्या परदेशी गेल्या होत्या!

नावाहो लोकांबद्दल लिहायचं ठरवलं होतं, ते थोडक्यात लिहिते, पण मुलांना हे जरूर सांगा. त्यांची चुरो मेंढी स्पॅनिश लोकांकडून आलेली, चारशे वर्षांची सोबत. १८६४ मध्ये सैन्याने नावाहोंना घरातून हाकलून शेकडो मैल चालवलं. १८६८ च्या तहात परत जाताना सरकारने पंधरा हजार मेंढ्या-शेळ्या द्यायचं कबूल केलं. आणि १९३० च्या दशकात त्याच सरकारने, जमिनीची धूप होते म्हणून, त्यांचे कळप सक्तीने कमी केले, बऱ्याच मेंढ्या तिथल्या तिथे मारल्या. सत्तरच्या दशकापर्यंत चुरो शेकड्यांत उरल्या. युटामधल्या लाइल मॅकनील या प्राध्यापकाने १९७७ पासून त्या शोधून पुन्हा वाढवल्या. नावाहो बायकांच्या विणकामाला तलम मेरिनो चालत नाही, ही लांब, कोरडीच लोकर लागते. जशी घोंगड्याला दख्खनीच.

परतीच्या गाडीत मी लेकीला त्या म्हातारीची गोष्ट सांगत होते. चहा प्यायची, गप्पा मारायची, वगैरे. तिने विचारलं, "तिचं नाव काय होतं?" मला माहीत नाही. "ती घरात यायची का?" मी बोलता बोलता थांबले. नाही. ती पडवीच्या पायरीवर बसायची, आणि तिची कपबशी कोनाड्यात वेगळी ठेवलेली असायची. चहा वरून ओतायचे. मी ते रोज पाहिलं होतं आणि इतकी वर्षं ते माझ्या गोष्टीत आलंच नव्हतं. लेक काही बोलली नाही, खिडकीबाहेर बघत राहिली. मीही कारण शोधायचा प्रयत्न केला नाही. आजी माझी लाडकी होती, आणि हेही खरं होतं.

२००६ मध्ये इकडे यायला निघाले तेव्हा आईने आजीचं घोंगडं बॅगेत घालायला काढलं होतं. मी नको म्हटलं. तेवीस किलोची मर्यादा, कुकर, मसाले, सीएच्या अभ्यासाची पुस्तकं (ती इथे एकदाही उघडली नाहीत). आणि वास येतो म्हणाले. पुढे ते पाण्याच्या मोटारीवर झाकायला घेतलं, मग कुठे गेलं कुणालाच आठवत नाही. गेल्या महिन्यात आईला फोन करून विचारलं, मिळेल का दुसरं? ती म्हणाली, म्हसवडच्या बाजारात बघते, पण खात्रीचं हातमागाचं हवं असेल तर सनगराच्या घरी जाऊन सांगावं लागेल, आणि आता गावात एकच घर विणतं.

मालकीणबाईंनी लेकीला एक अख्खी काळी लोकर दिली, सहा-सात पौंडांची. ती धुवायची म्हणजे कढत पाणी, साबण, अजिबात ढवळायचं नाही, नाहीतर जागेवर जमून नमदा होतो. बेसमेंटमधल्या सिंकमध्ये काल रात्रीपासून ती पडून आहे. नवरा खाली जाऊन आला आणि म्हणाला, "घरात मेंढरू आणलंय का?" लेकीने नाकाला रुमाल बांधून दुसऱ्यांदा पाणी बदललंय. कुणाकडे हातचरखा किंवा नुसती चाती असेल, आणि कातायला शिकवणारं कुणी बॉस्टनच्या आसपास माहीत असेल, तर खाली कळवा. आईने सनगराला निरोप धाडलाय, जुलैत जाऊ तेव्हा मी स्वतः त्या घरी जाणार आहे.